म्हशी गावाबाहेर काढून डेंग्यू जाणार नाही

वळवाने भरलेली डबकी तशीच राहतात, मृग बरसू लागतो आणि डेंग्यूचे पहिले रुग्ण दवाखान्यात दाखल होतात. मग बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या बैठकांत एक मागणी हमखास पुढे येते: वस्तीतले गोठे बाहेर हलवा. मागणी करणारी माणसे त्रासलेली असतात. त्यांच्या दाराशी घाण वास येतो, पोरांच्या ताटावर माशा बसतात, संध्याकाळी दारे लावून घ्यावी लागतात. हा त्रास खरा आहे आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझे पटत नाही. पण त्यावर सुचवला जाणारा उपाय चुकीच्या डासाला धरून सुचवला जातो. म्हशी हलवल्या, गवळ्यांची घरे बसली, आणि डेंग्यू जिथल्या तिथे राहिला, असे होऊ द्यायचे नसेल तर ठराव लिहिण्याआधी कोणता डास कुठल्या पाण्यात वाढतो हे सदस्यांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

बेळगाव हे कुंद्याचे, या दुधाच्या मिठाईचे गाव आहे. दूध इथल्या गल्लीबोळांत पिढ्यान्‌पिढ्या निघत आले आहे. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून, गळ्यात घुंगरमाळा घालून म्हशी पळवल्या जातात, तेव्हा सारे शहर रस्त्याच्या दुतर्फा उभे असते. ही परंपरा आहे म्हणून गोठे ठेवा, असा माझा युक्तिवाद नाही. आरोग्याच्या प्रश्नाला आरोग्याच्या पुराव्यानेच उत्तर द्यायला हवे.

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास माणसाच्या घरातला आहे. त्याची मादी स्वच्छ, साचलेल्या, शक्यतो सावलीतल्या पाण्याच्या काठाला, पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. न्हाणीघरातले पिंप, माडीवरची झाकण नसलेली टाकी, फ्रिजमागचा पाणी साठणारा ट्रे, कुंडीखालची बशी, परड्यात पडलेले जुने उखळ, मागल्या वर्षीच्या कूलरचा तळ ही तिची ठिकाणे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या पावसाळी उबेत सात ते दहा दिवस लागतात. ही अंडी पाणी आटले तरी मरत नाहीत. कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणून पिंप नुसते उपडे करून भागत नाही, आतली कड काथ्याने किंवा ब्रशने घासावी लागते. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. तो दूर जात नाही. बहुधा एक-दोनशे मीटरच्या आतच त्याचे आयुष्य संपते. त्याला रक्त माणसाचे लागते, आणि डेंग्यूचा विषाणू म्हशीच्या किंवा गाईच्या अंगात वाढत नाही. गल्लीत रुग्ण सापडला तर विषाणू बहुधा गल्लीतल्याच दुसऱ्या माणसाकडून, गल्लीतल्याच एखाद्या घरात जन्मलेल्या डासाने आणलेला असतो. त्या साखळीत गोठ्यातल्या जनावराला जागाच नाही.

संध्याकाळी कानाशी गुणगुणणारा आणि झोप मोडणारा डास वेगळा, तो क्युलेक्स. तो गढूळ, सडक्या, सेंद्रिय घाणीने भरलेल्या पाण्यात वाढतो: तुंबलेले गटार, शौचालयाची सेप्टिक टाकी, नाला. हत्तीरोग तो पसरवू शकतो, डेंग्यू नाही. ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा मुख्य डास ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस. तो ओढ्याकाठची डबकी, कालव्याची गळती, खुरांच्या खळग्यांत साचलेले स्वच्छ पाणी असल्या ठिकाणी अंडी घालतो आणि बहुतांश रक्त जनावरांचेच पितो. म्हणजे तीन डास, तीन तऱ्हांचे पाणी. बैठकीत ‘डास वाढले’ एवढ्या एका वाक्यात तिन्ही एकत्र होतात आणि तिथेच गफलत सुरू होते.

मग गोठेवाल्यांचा दोष काहीच नाही का? आहे, आणि तो त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आधी मान्य केला पाहिजे. एक म्हैस दिवसाला २० ते २५ किलो शेण आणि १० ते १५ लिटर मूत टाकते. गोठा आणि म्हैस धुवायला जनावरामागे ४०-५० लिटर पाणी सहज जाते. पाच म्हशींच्या गोठ्यातून रोज क्विंटलभर शेण आणि अडीचशे ते सव्वातीनशे लिटर सांडपाणी निघते. शहरातल्या कितीतरी गोठ्यांत पाइप लावून हे सगळे एकदम उघड्या गटारात ढकलले जाते, कारण त्यात कष्ट कमी. गटाराचा उतार बेताचा असतो. पातळ शेण पहिल्या वळणावर, पहिल्या मोरीखाली खाली बसते, त्यात पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) काड्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात, प्रवाह थांबतो आणि मागे तुंबलेले काळे पाणी क्युलेक्सच्या अळ्यांनी वळवळू लागते. शेजाऱ्याला जो डास चावतो तो बहुधा इथला. गोठेवाला म्हणतो गटार पालिकेचे, पालिका म्हणते शेण गोठेवाल्याचे, आणि दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असते.

यावरचा इलाज म्हशी हलवणे हा नाही. गोठ्याच्या तोंडाशी एक गाळचेंबर बांधणे हा आहे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल, विटांचे, आतून सिमेंटचा गिलावा केलेले. पाणी आत येते त्या तोंडाला बोटभर अंतराच्या गजांची जाळी. बाहेर जाणारा पाइप तळापासून दीड फूट वर. पाणी चेंबरमध्ये मंदावते, जड शेण खाली बसते, काड्या जाळीला अडतात, आणि पुढे जाते ते बऱ्यापैकी पातळ पाणी. पण हे चेंबर रोज फावड्याने उपसले तरच चालते. तीन दिवस उपसले नाही तर ते भरते, शेण पाइपात शिरते, आणि मग चेंबर असूनही गटार तुंबते. शिवाय चेंबरमध्येच अळ्या होतात. झाकण घट्ट बसणारे हवे, फटीतून डास आत-बाहेर करू शकेल असे फरशीचे अर्धे तुकडे नकोत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी मारण्याआधी शेण कोरडेच उचलायचे. फावड्याने उचलून घमेल्यात भरायला पाच म्हशींमागे दहा-पंधरा मिनिटे लागतात, पाणीही निम्म्याने कमी लागते. ज्यांच्याकडे शेणी थापायला किंवा खताला जागा आहे ते हे पूर्वीपासून करत आले आहेत. ज्यांची जागा बांधकामात गेली त्यांनी पाइप लावला. म्हणून शेण नेण्याची सोय पालिकेने केली तर निम्मा प्रश्न सुटतो. ओला कचरा नेणाऱ्या गाड्या रोज गल्लीत येतात. गोठ्यांच्या गल्ल्यांत आणखी एक ट्रॅक्टर फिरवून ते शेण शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांना देता येईल. शेणखतासाठी ते पैसे मोजतात.

गोठ्याची जमीन हाही विषय आहे. उतार ४० फुटांना एक फूट, म्हणजे दहा फुटांच्या गोठ्याला तीन इंच. याहून कमी उतार दिला तर मूत साचते. जास्त दिला तर जनावराचे मागचे पाय ताणतात, गाभण म्हशीला ते बाधते. मागे एक फूट रुंदीची, तीन इंच खोल, गोल तळाची नाली. शहाबादी फरशीच्या सांध्यांत मूत मुरून राहते, त्याला वास येतो आणि माशा बसतात. सांधे दरवर्षी सिमेंटने भरून घ्यावे लागतात. माश्यांचे जीवनचक्रही आठवडा-दहा दिवसांचे असल्याने उकिरड्यावरचे ताजे शेण आठवड्याच्या आत शेतात गेले किंवा मातीखाली गाडले तर माशी तिथे पूर्ण वाढत नाही. आठवडा हा या सगळ्याचा हिशेबाचा काळ आहे, डासाचा आणि माशीचाही.

शोषखड्डा हा ग्रामपंचायतींचा आवडता उपाय. रोजगार हमीच्या कामांत गोठा आणि शोषखड्डा दोन्हींना जागा मिळाली, हे चांगलेच झाले. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, तळाशी पाच-सहा इंची दगड, मधे तीन-चार इंची, वर दीड-दोन इंची, त्यावर गोणपाट आणि माती. खानापूरच्या आणि बेळगावच्या पश्चिम भागातल्या तांबड्या, जांभ्याच्या मुरमाड जमिनीत तो उत्तम चालतो. पण नकाशा एकच धरून तो सगळीकडे खणला जातो, आणि इथे घोळ होतो. दगड भरलेल्या घनमीटरच्या खड्ड्यात पोकळी जेमतेम ४० टक्के, म्हणजे चारशे लिटर. पाच म्हशींचे एका दिवसाचे सांडपाणी त्यात मावते, इतकेच; ते दुसऱ्या दिवसापर्यंत मुरले नाही तर खड्डा वाहू लागतो. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या ज्या काळ्या, चिकट जमिनीत बेळगावचा बासमती पिकतो, त्या जमिनीत पाणी मुरत नाही. भाताला ती मानवते याच कारणाने. तिथला शोषखड्डा पावसाळ्यात चिखलाची विहीर होतो. पूर्वेकडे बैलहोंगलच्या काळ्या रानातही तेच. वर्ष-दोन वर्षांत शेणाच्या साक्याने दगडांमधली पोकळीही भरते आणि दगड काढून धुवावे लागतात, हे कामाच्या अंदाजपत्रकात कुणी धरत नाही. आणि पिण्याच्या विहिरीपासून तो किमान १०-१५ मीटर लांब हवा; पावसाळ्यात जिथे पाणी हाताला लागेल इतके वर येते अशा कणकुंबी-जांबोटीकडच्या सखल जागी तर तो खणूच नये.

काळ्या जमिनीत वेगळी वाट धरावी लागते. परड्यात हत्तीगवताचा लहानसा तुकडा, त्यात तीन सऱ्या, आणि सांडपाणी आज एका सरीत, उद्या दुसरीत, परवा तिसरीत. एकही सरी दोन दिवसांहून जास्त ओली राहत नाही, गवत वाढते, वैरण मिळते. ज्यांच्याकडे परडेच नाही त्यांनी पाचशे-हजार लिटरची बंद टाकी ठेवावी, तिच्या हवेच्या पाइपावर नायलॉनची बारीक जाळी बांधावी, आणि पालिकेच्या सक्शन गाडीने ती दोन-तीन दिवसांआड उपसावी. हीच जाळी प्रत्येक घराच्या सेप्टिक टाकीच्या पाइपालाही हवी. गल्लीतल्या एका उघड्या पाइपातून हजारोंनी क्युलेक्स बाहेर पडू शकतो, आणि दोष मात्र शेजारच्या गोठ्यावर जातो. जाळी काही रुपयांची आहे, ती बांधायला पाच मिनिटे लागतात. वर्षानुवर्षे ती बांधली जात नाही याचे कारण ती कुणाच्याच कामाच्या यादीत नाही, एवढेच.

गोठ्यात डेंग्यूचा डास होतच नाही असेही म्हणता येणार नाही. तो होतो, मात्र जनावरामुळे होत नाही. छपरावर घातलेली ताडपत्री उडू नये म्हणून जुने टायर ठेवतात, मुरघासाच्या ढिगावरही ठेवतात. पावसाचे पाणी टायरच्या आत साचते. टायर कसाही ठेवला तरी ते पूर्ण निथळत नाही, आणि एडिसला याहून आवडती जागा नाही. टायरला खालच्या बाजूने हातभर अंतरावर भोके पाडावीत, किंवा टायरऐवजी वाळूची पोती ठेवावीत. ताडपत्रीच्या झोळातले पाणी दर दोन-तीन दिवसांनी काठीने उचलून सांडावे. पेंड भिजवायची पातेली, आंबोणाच्या बादल्या वापर नसेल तेव्हा पालथ्या. पाण्याचा हौद हा सर्वांत मोठा. एक म्हैस उन्हाळ्यात ५० ते ८० लिटर पाणी पिते, म्हणून हौद कायम भरलेला ठेवण्याकडे कल असतो. पाणी वरवर बदलते, तळाचे तसेच राहते. हौदाला तळाशी बुचाचे भोक असावे. आठवड्यातून एक ठरलेल्या दिवशी बूच काढायचे, भिंती घासायच्या, दोन तास उन्हात कोरडा ठेवायचा. कोपरे गोल गिलाव्याचे असले तर घासायला सोपे जातात. ज्या हौदाला असे भोक नाही, अशा जुन्या दगडी डोणीत पाच-दहा गप्पी मासे सोडले तर ते अळ्या खातात. मात्र हे मासे ओढ्यात, नदीत, देवळाच्या तळ्यात सोडू नयेत. ते परके आहेत आणि मार्कंडेयेतल्या, मलप्रभेतल्या इथल्या लहान माशांच्या अन्नावर आणि पिलांवर गदा आणतात. त्यांची जागा बंदिस्त हौद.

आता धुराच्या गाडीविषयी. बैठकीत गोठ्यांनंतर लगेच फॉगिंगची मागणी येते, कारण ते दिसते. गाडी आली, धूर सुटला, पोरे मागे पळाली की काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो धूर उडत असलेल्या डासाला लागला तरच डास मरतो. एडिस त्या वेळी पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांच्या मागे, कपाटाच्या खाचेत बसलेला असतो. रस्त्यावरचा धूर तिथे पोचत नाही. अळ्यांना आणि कोशांना धुराने काहीच होत नाही, म्हणजे उद्या सकाळी नवे डास पिंपातून बाहेर येतात. रुग्ण सापडलेल्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत आतून करायची फवारणी वेगळी: पायरेथ्रम या कीटकनाशकाचा २ टक्क्यांचा अर्क एक भाग आणि केरोसीन १९ भाग, दारे-खिडक्या लावून. ती उपयोगी पडते, पण साथ चालू असताना आणि मोजक्या घरांत. गोठ्याच्या गल्लीत कोणतीही फवारणी करण्याआधी वैरण, पिंजर, आंबोण आणि हौद झाकले पाहिजेत. गोठेवाल्याला आदल्या दिवशी सांगितले पाहिजे. दुभत्या जनावराच्या तोंडून कीटकनाशक दुधात जाण्याची वाट आपणच मोकळी करायची आणि तेच दूध मुलांना पाजायचे, हे आरोग्याचे काम म्हणता येत नाही. गटारात जळके तेल ओतण्याची चालही थांबवली पाहिजे. ते पाणी पुढे बळ्ळारी नाल्यातून भाताच्या शेतांत शिरते.

बळ्ळारी नाल्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. जलपर्णीने भरलेला, शहराचे सांडपाणी वाहणारा हा नाला दर पावसाळ्यात शेतकऱ्यांची पिके बुडवतो आणि उरलेल्या दिवसांत क्युलेक्स पोसतो. जलपर्णीच्या मुळांत अळ्या लपतात, मासे तिथवर पोचत नाहीत, औषधाचा थर पानांवरच राहतो. शहरातले शंभर गोठे हलवले आणि नाला असाच राहिला, तर संध्याकाळचे गुणगुणणे कमी होणार नाही. नाला स्वच्छ करणे महाग, गवळ्याला नोटीस देणे स्वस्त. निर्णय अनेकदा या हिशेबानेच होतात असे माझे मत आहे.

आणि पाणीपुरवठा. २००८ पासून बेळगावच्या १० वॉर्डांत चोवीस तास नळाचे पाणी देण्याचा प्रयोग झाला. ज्या घराला नळ कधीही सोडता येतो त्या घराला पिंप भरून ठेवायची गरज उरत नाही. बाकीच्या भागांत पाणी काही दिवसांआड आले, की बायकांना घागरी, हंडे, दोनशे लिटरची पिंपे, रांजण भरून ठेवावेच लागतात. त्यांना ‘पाणी साठवू नका’ असे सांगणे म्हणजे तहानेला दोष देणे आहे. साठवा, पण झाकून साठवा, एवढेच सांगता येते. पिंपाला बसणारे पत्र्याचे झाकण नसेल तर जुने सुती लुगडे दुहेरी करून, रबराच्या पट्टीने घट्ट बांधावे. नुसते वर टाकले तर मधे झोळ पडून त्यातच पाणी साठते. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासता आले नाही, तर टेमीफॉस या अळीनाशकाचे १ टक्क्याचे दाणे १०० लिटर पाण्याला १० ग्रॅम. हे प्रमाण पिण्याच्या पाण्यालाही चालते. मुठीने, अंदाजाने टाकू नये. जास्त टाकल्याने गुण वाढत नाही, पाण्याला वास येतो आणि मग घरातली माणसे सगळेच पाणी ओतून टाकतात. डेंग्यूवर खरा उतारा राकसकोप आणि हिडकल धरणांचे पाणी रोज नळाला येण्यात आहे. आरोग्य समितीच्या बैठकीला पाणीपुरवठ्याचा अभियंता बसलेला नसेल तर त्या बैठकीत निम्माच विषय बोलला जातो.

गोठे बाहेर नेण्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो: जनावरे असतात म्हणून डास येतात. काही जातींच्या बाबतीत तो बरोबर आहे. जनावरांचे रक्त पिणारे डास गोठ्याकडे खेचले जातात. पण याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. काही ठिकाणी गोठा चावे स्वतःकडे ओढून घेतो आणि माणसाला कमी चावे बसतात. काही ठिकाणी जनावरांच्या रक्तावर डासांची संख्याच इतकी वाढते की माणसाचाही वाटा वाढतो. गोठा घरात आहे की घरापासून शंभर पावलांवर, यावर बरेच अवलंबून असते. माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली झोपतात तिथे धोका अधिक. तिथे मधे भिंत, वेगळे दार आणि मच्छरदाणी हवी. पण शहराच्या कडेला, भातशेतीच्या शेजारी एका जागी पाचशे म्हशी आणून बांधल्या, तर पाणी, शेण आणि डास तिघेही एकवटतात, आणि त्याचे चावे शेजारच्या शेतमजुरांच्या झोपड्यांना बसतात. त्यांचा आवाज बैठकीपर्यंत पोचत नाही, हे लक्षात ठेवावे.

सगळ्या जनावरांना एकच नियम लावणेही चूक. डुकराची गोष्ट वेगळी आहे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या रक्तात भरपूर वाढतो, भातखाचरात वाढणारा क्युलेक्स तो उचलतो आणि माणसापर्यंत आणतो. गाय-म्हैस त्या विषाणूला पुढे नेत नाही. म्हणून भाताच्या पट्ट्यात मोकाट डुकरे घरांच्या मधे फिरत असतील तर त्यांना वस्तीपासून लांब, बंदिस्त ठेवण्याचा आग्रह धरायला हवा. ज्यांच्या पोटापाण्याचा तो धंदा आहे त्यांना जागा देऊनच ते होईल, डुकरे पकडून नेण्याच्या मोहिमेने नाही. खानापूरच्या जंगलकाठच्या गावांत तर प्रश्न डासाचा नसून गोचिडीचा आहे. लागून असलेल्या गोव्याच्या सत्तरीत २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण निघाले. रानात चरून आलेली गुरे हा विषाणू देत नाहीत, पण त्यांच्या अंगावर गोचिडी पोसल्या जातात आणि घरापर्यंत येतात. तिथे आरोग्य समितीने गुरांच्या अंगावर लावायच्या औषधाची, रानात जाणाऱ्यांसाठी अंगाला चोळायच्या तेलाची, आणि मेलेले माकड दिसले तर कुणाला कळवायचे याची व्यवस्था करावी. तिथे गोठे हलवण्याची चर्चा करणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

गोठेवाल्यांचाही यात स्वार्थ आहे, तो त्यांना पटवून देता येतो. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा याच जिल्ह्यात जनावरे गाठींनी भरली, दूध आटले, कितीतरी दगावली. तो रोग चावणाऱ्या माशा, डास आणि गोचिडी यांनीच पसरतो. गोठ्यातले साचलेले पाणी काढले, शेण वेळेवर उचलले तर आधी जनावर वाचते, मग शेजारी.

दंडाचा प्रश्न राहतो. कर्नाटकाने २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग कायद्याखाली आणले. अळ्या सापडल्या तर घराला शहरात ४०० आणि गावात २०० रुपये, दुकाने, कार्यालये, शाळा, हॉटेले यांना १,००० आणि ५००, बांधकामाच्या जागा व मोकळ्या प्लॉटना २,००० आणि १,००० रुपये दंड ठरला. रकमांचा क्रम योग्य आहे. बांधकामावरचा पाण्याचा हौद आणि लिफ्टचा खड्डा गोठ्यापेक्षा कितीतरी अधिक एडिस देतो. अंमलबजावणी मात्र उलट होण्याची भीती असते, कारण गवळी रोज दारात सापडतो आणि प्लॉटचा मालक दुसऱ्या गावी राहतो. दंड अळीवर बसावा, व्यवसायावर नको. तपासनीसाच्या हातात टॉर्च आणि पळी असावी, पाण्यात अळी दिसली तरच पावती फाडावी, आणि पहिल्या खेपेला सात दिवसांची मुदत देऊन आठव्या दिवशी परत यावे. सात दिवस हा आकडा डासाच्या चक्रातून आला आहे, तो पाळला पाहिजे.

वॉर्डवार आकडे बाहेर आले की वाद आपोआप जमिनीवर येतो. शंभर घरे तपासून त्यांत अळ्यांची भांडी किती सापडली, ते मोजले की ब्रेटो निर्देशांक मिळतो. कोणती भांडी, हेही लिहावे: पिंप किती, टायर किती, गोठ्याचे हौद किती, कूलर किती. महापालिकेच्या सार्वजनिक आरोग्य, शिक्षण व सामाजिक न्याय स्थायी समितीसमोर ही यादी दर महिन्याला ठेवली, तर गोठे हलवण्याच्या मागणीमागे किती बळ आहे ते त्याच यादीत दिसेल. गावात हे काम ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीचे. तिला वर्षाला १० हजार रुपयांचा मुक्त निधी असतो. तो धुराच्या एका फेरीवर उडवण्याऐवजी जाळ्या, पिंपांची झाकणे आणि हौदांची बुचे यांवर खर्च झाला तर अख्खा पावसाळा पुरतो.

शेवटी नोटिशीची भाषा. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतले बहुतेक गवळी, आशाताई ज्यांच्या दारात जातात त्या घरच्या बायका, मराठी वाचतात. १९५६ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या तरतुदींप्रमाणे, जिथे असे लोक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघायला हव्यात. कन्नडला विरोध म्हणून हे म्हणत नाही. ‘आठवड्यातून एकदा हौद घासून कोरडा करा’ हे वाक्य ज्याने करायचे आहे त्याला कळलेच नाही, तर डास कोणत्याही भाषेत मरणार नाही. कागद दोन्ही भाषांत छापावा, हौदाचे, टायरचे आणि चेंबरचे चित्र काढावे, आणि तो एप्रिलमध्येच, वळवाच्या आधी, गोठ्याच्या दाराला लावावा. मार्चच्या अंदाजपत्रकात त्यासाठी, सक्शन गाडीसाठी आणि शेणाच्या ट्रॅक्टरसाठी तरतूद झाली, तर मे महिन्यात तपासणीला आरोग्य निरीक्षकाबरोबर पशुवैद्यकीय खात्याचा एक माणूसही पाठवता येईल.